यार्देनला मायचं राहून गेलेलं काम

सेलूच्या आमच्या वस्तीतून यरुशलेम पाहून आलेलं पहिलं माणूस म्हणजे माझी माय. मीही तिच्यासोबतच गेले होते, त्याच विमानात, तिच्या शेजारच्या खुर्चीवर, पण मला त्याबद्दल कधी कुणी फारसं विचारलं नाही आणि विचारलं नाही ते बरंच झालं. लोक विचारायचे ते मायला. ती सांगायची, तिकडं उंटं हायेत, रस्ते लय चकचकीत हायेत, भाजीला चव म्हणून नसती. यापलीकडे तिच्या तोंडून काही निघायचं नाही. मला वाटायचं, शिकलेली नाही, बिचारीला सांगता येत नाही. मी त्या वेळी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळ्याच बाबतीत पुष्कळ काही वाटायचं.

आमचं घर रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर होतं. दोन खोल्या, पुढे दगडी ओटा, मागे न्हाणी आणि एक शेवग्याचं झाड. दादा, म्हणजे माझे वडील, जिनिंगमध्ये कामाला होते. हंगामात जिनिंगचा भोंगा वाजला की अर्धं सेलू जागं व्हायचं, आणि आमचं घर त्याच्याही आधी, कारण मायच्या भाकरी थापण्याचा आवाज भोंग्याच्या आधी सुरू झालेला असायचा. संध्याकाळी दादा परत यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मिशीत कापसाचा तूस चिकटलेला असायचा. माय त्यांना ओट्यावरच अडवायची, जुन्या फडक्यानं झटकायची आणि मगच आत घ्यायची. 'रोज म्हातारा करून पाठवत्यात,' म्हणायची. सरकीचा तो तेलकट वास आमच्या गोधड्यांना होता, माझ्या दप्तराला होता, एवढंच काय, पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पानांनाही होता. आजही कुठे सरकीचं पोतं उघडलं की मला आधी उत्पत्तीचं पुस्तक आठवतं. बुधवारी आमच्याकडे घरसभा असायची. ढोलकी, टाळ आणि कुणाच्या तरी घरून आणलेली पेटी, एवढ्यावर ओटा दणाणून जायचा. कोपऱ्यावर अप्पांचं किराणा दुकान होतं. अप्पा शिवभक्त, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. आमची प्रार्थना सुरू झाली की ते दुकानातला रेडिओ बंद करायचे आणि शेवटच्या गीताला तराजूच्या पारड्यावर बोटांनी ठेका धरायचे. हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक.

मायचं मूळ नाव गोदाबाई. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वहीत ती मरियम होती, पण पाळकसाहेब सोडले तर त्या नावानं तिला कुणी हाक मारत नसे. ती जिंतूरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. लग्न दादांशी झालं आणि दादांच्या घरात ख्रिस्त आधीच्या पिढीत आलेला, म्हणून लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वीची तिची सोळा वर्षं मात्र पाण्यानं धुऊन निघण्यातली नव्हती. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण होतं, त्यात एक तुळस अगदी ठळक. दिवेलागणीनंतर ती केर काढायची नाही. शेवग्याच्या पहिल्या शेंगा उतरल्या की त्यातली एक झाडाच्या बुंध्याशी ठेवायची. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवायची आणि मग डोळे मिटून 'येशूच्या नावात' म्हणायची. तिला वाचता येत नव्हतं, पण दादांनी रात्री वाचलेलं तिला सकाळी शब्दाला शब्द पाठ असायचं. मी मंडळीच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत लेकरांना शिकवत होते, पवित्र शास्त्राच्या स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आले होते, आणि मायच्या या सवयी मला दाताखाली आलेल्या खड्यासारख्या वाटायच्या. मी तिला सारखी टोकायची. ती म्हणायची, 'बरं बाई, न्हाई करत,' आणि दुसऱ्या दिवशी तेच करायची. आम्ही दोघी अशा बऱ्या चाललो होतो.

माझ्या आधी एक लेकरू होतं. मुलगा. तेव्हा दादा आणि माय त्या खेड्यातच राहत. पाळक परभणीहून एस.टी.नं यायचे, तेही तीन-चार महिन्यांतून एकदा, आणि आलेल्या दिवशी बाप्तिस्मे, लग्नं, प्रभुभोजन असं सगळं उरकून परत जायचे. लेकरू जन्मलं तेव्हा पाळक नुकतेच येऊन गेलेले. मायनं वाट पाहता पाहता मलमलीचं पांढरं झबलं शिवलं, बाप्तिस्म्यासाठी. नाव ठरवलं, दानियल. पाळक येणार त्या आठवड्यात लेकराला ताप भरला, धाप लागली आणि जिंतूरच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच ते गेलं. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून त्याचं नाव मंडळीच्या वहीत घालता येत नाही असं तिथल्या वडील मंडळींनी सांगितलं. पुरलं तेही कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर, बाभळीखाली. पुढे दादा बायकोला घेऊन सेलूला आले ते कायमचे. वर्षातून एक दिवस माय एकटी जिंतूरच्या एस.टी.त बसायची आणि संध्याकाळी परत यायची. दादा तिला स्टँडवर सोडून यायचे. दोघंही त्या दिवशी कमी बोलायचे. मला एवढं सगळं माहीत होतं. माहीत असणं आणि कळणं यात किती अंतर असतं ते मात्र तेव्हा माहीत नव्हतं.

एका रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केलं की आसपासच्या मंडळ्या मिळून पवित्र भूमीची यात्रा काढतायत. पाळकसाहेब तेव्हा चाळिशीचे असतील. उंच, थोडे वाकलेले, बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. दादांनी त्याच दिवशी दोन नावं दिली. पैसे कुठून आले वगैरे रामायण मी इथे लावत नाही, प्रत्येक घरात ते असतंच. पण ऐन वेळी दादांनी अंग काढून घेतलं. म्हणाले, माझं गुडघं चालत न्हाईत, आन् तिथं वाचून दाखवाया, फॉर्म भराया शिकलेलं माणूस पायजे, एस्तरला ने. मला वाटलं, माझ्या शास्त्राच्या अभ्यासाचा हा मान आहे. पासपोर्टच्या फोटोला कान दिसले पाहिजेत म्हणून मायला पदर खाली घ्यावा लागला, तर ती फोटोवाल्याकडे न बघता भिंतीकडे बघत बसली, आणि फोटोत ती कुणावर तरी रुसल्यासारखी आली. निघायच्या दिवशी वस्तीतल्या प्रत्येकानं रिकामी बाटली आणून दिली, येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीच्या पाण्यासाठी. अप्पांनीही दिली. वर फुटाण्यांची पुडी दिली आणि म्हणाले, 'गोदाबाई, तुमच्या गंगेचं थोडं आमालाबी आना.' मी लगेच त्यांना समजावायला गेले की यार्देन म्हणजे आमची गंगा नव्हे. मायनं मला कोपरखळी मारली आणि बाटली पिशवीत टाकली.

सगळे मिळून आम्ही तीस-पस्तीस जण होतो. बरेचसे शहरातले, दवाखान्यांत आणि शाळांत नोकऱ्या केलेले, इंग्रजी प्रार्थना येणारे. आमच्या खोलीत तिसरी बाई होती ती परभणीकडची निवृत्त मेट्रन. स्वभावानं वाईट नव्हती, पण पहिल्याच दिवशी तिनं मायच्या हाताकडे बघून विचारलं, 'हे काढून टाकता येतं आता, माहिती आहे का?' माय हसली. म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या. देवाला वळखू येतं.' बाई हसली, मी नाही हसले. त्या दिवसापासून मी मायला लांब बाह्यांचं पोलकं घालायला लावलं, तिकडच्या उन्हात.

खरं सांगायचं तर पहिले तीन-चार दिवस माय फार आनंदात होती. तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरून आणली होती आणि हॉटेलातल्या नाष्ट्याला सगळी टेबलं तिच्या चटणीवर तुटून पडायची, ती मेट्रनबाईसुद्धा. तिकडची जाड मऊ रोटी हातात घेऊन ती उलटीपालटी करून बघायची आणि म्हणायची, तव्यावरून लवकर काढली. जैतुनाचा डोंगर, जैतुनाचं तेल, जैतुनाची फांदी हे तिनं जन्मभर ऐकलेलं. पहिल्यांदा जैतून तोंडात घातलं आणि तिचा चेहरा असा झाला की मलाही हसू आवरेना. तिनं ते दस्तीत, म्हणजे हातरुमालात, हळूच काढलं आणि मला म्हणाली, 'ह्याच्यापायी एवढा डोंगर?' नासरेथला एका जुन्या विहिरीपाशी ती बराच वेळ उभी राहिली. मी वाटाड्या काय सांगतो ते भराभर वहीत उतरवत होते आणि ती काठावर दोरानं पडलेल्या खाचांना हात लावून बघत होती. मरियमेलाबी डोक्यावर पाणी आनावं लागलंच की, एवढंच म्हणाली. ती वही अजून माझ्याकडे आहे. एकही पान मी परत वाचलेलं नाही.

गालीलच्या काठावरच्या हॉटेलात पोचायच्या आधी बसमध्ये पाळकसाहेब माईक घेऊन उभे राहिले. म्हणाले, उद्या सकाळी आपण यार्देनवर जाऊ. तिथे पुष्कळ लोक पांढरे झगे घालून पुन्हा बाप्तिस्मा घेतात. आपल्या मंडळीत बाप्तिस्मा एकदाच असतो, म्हणून आपण तो पुन्हा घेणार नाही. मी पाण्यात उभा राहीन, एकेकानं यावं, मी कपाळाला पाणी लावीन आणि आपण आपल्या बाप्तिस्म्याची आठवण करू. मागून कुणीतरी आमेन म्हणालं. मीही म्हणाले, जरा मोठ्यानंच. माय खिडकीतून बाहेर बघत होती.

सकाळी मेट्रनबाई नाष्ट्याला खाली गेली होती. मी मायच्या पिशवीत वस्तीतल्या बाटल्या मोजून भरत होते. तळाशी दस्तीत बांधलेलं काहीतरी हाताला लागलं. सोडलं तर ते झबलं. इतक्या वर्षांत मी ते एकदाही पाहिलेलं नव्हतं. मलमल पिवळी पडली होती, पण घडी आजच घातल्यासारखी. मी विचारलं हे काय, तेव्हा ती केस विंचरत होती. कंगवा तसाच केसांत ठेवून ती वळली.

'लेकराचं हाय. यार्देनीत एक डाव बुडवून आनते.'

मी आता हे लिहिताना थांबून पाणी पिऊन आले. जे बोलले ते लिहायचं ठरवलंय तर सगळंच लिहिते. मी तिला म्हणाले की आपण आता त्यातले राहिलेलो नाही. नदीत कपडे बुडवायचे, पाप धुवायचं, मेलेल्याला पुण्य पोचवायचं, हे सगळं सोडून आपण आलोय. मेलेल्याचा बाप्तिस्मा नसतो, पाळकसाहेबांनी काल सगळ्यांसमोर सांगितलं ते ऐकलं नाहीस का. मी त्या मंडळीत लेकरांना शिकवते, उद्या ही बाई परभणीभर सांगेल की शब्बाथ शाळेच्या शिक्षिकेची माय यार्देनवर गंगा करत होती. बोलता बोलता माझा आवाज चढला. मायनं फक्त इतकं विचारलं, 'त्याचं नाव तरी घ्यावं का न्हाई कुनी?' आणि मी म्हणाले, 'त्याचं नाव मंडळीत नव्हतंच कधी. मला तुझी लाज वाटायलीय, माय.'

तिनं माझ्याकडे बघितलं.  काहीतरी बोलणार असं वाटलं, ओठ उघडलेही. मग तिनं कंगवा काढला, केसांचा अंबाडा घातला, माझ्या हातातून ते झबलं घेतलं आणि पुन्हा तशीच घडी घालून दस्तीत बांधलं. 'बरं,' म्हणाली. 'न्हाई बुडवत. चल, गाडी येईल.' तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला वाटलं की पटलं. पिशवी मी माझ्या खांद्यावर घेतली आणि दिवसभर खाली ठेवली नाही. माझा विश्वास नव्हता तिच्यावर, हेही लिहायलाच हवं.

यार्देन बघून सगळ्यांचीच थोडी निराशा झाली. नकाशात आणि गीतांत ती केवढी, आणि प्रत्यक्षात हिरवट, संथ, निलगिरीच्या झाडांमधून जाणारी. काठाला पायऱ्या, लोखंडी कठडे, बाजूला झगे भाड्यानं देणारं दुकान. 'ही तर आपल्या दुधनेएवढीच हाय,' माय म्हणाली, आणि त्या बोलण्यात तिला बरं वाटल्यासारखं वाटलं. पाण्यात पाय घातला की मासे येऊन बोटं चावत होते, बायका किंचाळत होत्या, हसत होत्या. पाळकसाहेब गुडघाभर पाण्यात उभे राहिले. रांग लागली. माझी पाळी आली, त्यांनी ओंजळीतलं पाणी माझ्या कपाळाला लावलं, मी अगदी भरून येऊन वर आले. मग मी मायला शोधलं तर ती रांगेच्या शेवटी. मागून कुणी आलं की ती सरकून त्याला पुढे घालत होती. मला चीड आली. मी वरूनच हातानं खुणावलं, चल की पुढे.

सगळ्यांचं झाल्यावर ती पायऱ्या उतरली. पाळकसाहेबांनी तिच्या कपाळाला पाणी लावलं. आता ते वर येतील म्हणून मी त्यांची चप्पल पुढे सरकवली. ते आले नाहीत. तिथेच उभे राहिले, दोन्ही हात थोडे पुढे करून, तळवे वर. मायकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. मला वाटलं त्यांना सगळं कळलंय आणि ते मला मनोमन शाबासकी देतायत. मी ताठ उभी राहिले. मायनं हळूच मान हलवली, नाही अशी. म्हणाली, 'चला सायेब, वर या. पानी थंड हाय.' तेवढं बोलून ती पायऱ्या चढून आली आणि वस्तीतल्या बाटल्या भरायला लागली. सगळ्या भरल्या, अप्पांचीही.

त्यानंतर आम्ही यरुशलेमला पाच दिवस होतो. जिथे जाण्यासाठी माणसं जन्म घालवतात त्या सगळ्या जागा आम्ही पाहिल्या आणि त्या सगळ्या जागांवर मायनं मला एकच गोष्ट विचारली. बेथलेहेमला वाकून त्या ठेंगण्या दारातून आत गेल्यावर म्हणाली, 'एस्तर, इथं डोकं टेकलं तर चालतंय का?' गेथशेमानेच्या बागेत एक जुनं झाड होतं, तिथे म्हणाली, 'ह्याला हात लावू का?' येशूला क्रुसावर दिलं त्या कालवरीच्या मंदिरात लोक एका दगडावर तेल लावत होते, ओढण्या घासत होते, रडत होते, नाना देशांचे, आणि माय दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती. मला म्हणाली, 'आपल्यात चालतंय का हे?' मी म्हणाले, नाही. ती बाजूला झाली. ती इतकी शहाण्यासारखी वागतेय याचा मला आनंद झाला होता. मेट्रनबाईसुद्धा म्हणाली की तुझी आई फार बदलली या प्रवासात.

परत आल्यावर आमच्याकडे रीत अशी की यात्रेहून आलेल्यानं रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. आमच्या मंडळीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मी वीस मिनिटं बोलले, वचनांचे संदर्भ देत. मग माय उठली. पुढे गेली नाही, जागेवरच उभी राहिली. 'सगळं बघितलं,' म्हणाली. 'लेकीनं सगळं दाखवलं.' आणि बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला वाटलं माझ्यासाठीच. त्याच दुपारी मी मागच्या खोलीत कपडे बदलत होते आणि ओट्यावर दादा मायला विचारत होते, 'झालं का?' माय म्हणाली, 'झालं.' दादांनी पुन्हा विचारलं, 'नीट झालं का?' ती म्हणाली, 'व्हय. नीट झालं सगळं.'  थोड्या वेळानं बाहेर बघितलं तर दादा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा चेहरा ओला होता. मला वाटलं, यात्रेला स्वतः जाता आलं नाही याचं वाईट वाटतंय. ते नंतर नऊ वर्षं जगले. नीट झालं असं समजून गेले.

माय त्यानंतर पुष्कळ जगली. माझं लग्न झालं, मी परभणीला नोकरीला लागले, तिला वरचेवर घेऊन यायचे. तिनं मला कधी लागेल असं बोलल्याचं आठवत नाही. फरक एवढाच पडला की ती आता माझं ऐकायची. दिवेलागणीनंतर मी सांगितलं तर केर काढायची. शेवग्याच्या शेंगा आल्या की सगळ्या स्वयंपाकघरात आणून द्यायची. जिंतूरला जाणंही तिनं बंद केलं, कंबर दुखती म्हणाली. त्या काळात मी मैत्रिणींना अभिमानानं सांगायचे की आमची माय आता खरी विश्वासात आली. ती गेल्यावर मी तिची ट्रंक उचकली, डबे बघितले, गोधड्यांचे टाके उसवून बघितली. झबलं मिळालं नाही. तिनं त्याचं काय केलं ते मला माहीत नाही, आणि सांगायला कुणी उरलेलं नाही.

आता माझी पन्नाशी कधीच मागे पडली. मलाही एक लेकरू सातव्या महिन्यात गेलं, त्याची हकिकत दुसरीकडे लिहीन, इथे एवढंच सांगते की त्या वेळी माय दवाखान्यात माझ्या उशाशी बसून होती आणि तिनं मला विचारलं होतं, नाव काय ठेवनार व्हतीस? तिच्याशिवाय कुणीही विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्या दिवसापासून रोजच्या प्रार्थनेत ती ते नाव घ्यायची, मोठ्यानं, माझ्यासमोर, आणि ते आपल्यात चालतं का हे तिनं मला विचारलं नाही.  

पाळकसाहेब निवृत्त होऊन परभणीलाच लेकीकडे राहायचे. तेही आता नाहीत, म्हणून हे लिहिता येतंय. मायला जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, नाताळच्या आधी मी करंज्या घेऊन त्यांना भेटायला गेले. डोळे अधू झाले होते, पण आवाजावरून त्यांनी ओळखलं. इकडचं तिकडचं झालं, मायची आठवण निघाली. मग ते म्हणाले, 'एस्तर, एक विचारायचं राहून गेलंय. यात्रेला निघण्याआधी तुझी आई माझ्याकडे आली होती. लेकराचं झबलं यार्देनला नेऊ का, म्हणून विचारायला. मी म्हटलं, न्या. सगळ्यांचं झालं की शेवटी या, मी पाण्यात थांबतो. मी ते हातात घेईन, लेकराचं नाव घेईन, मंडळीच्या वतीनं घेईन. तेव्हा त्या माझ्यासमोर किती रडल्या. आणि तिथं आल्यावर मात्र मान हलवून निघून गेल्या. आदल्या दिवशी मी बसमध्ये नियमाचं बोललो होतो, त्यानंच त्या बिचकल्या असतील. इतरांना समजावं म्हणून बोललो होतो मी. मला ते बोलायला नको होतं. इतकी वर्षं हे माझ्या मनात आहे. तुला त्या कधी काही बोलल्या का?'

त्या हॉटेलच्या खोलीत माय हे एका वाक्यात सांगू शकली असती. सायेबांनी परवानगी दिलीय, एवढंच. मी जागच्या जागी गप्प झाले असते. पण तिची लाज वाटते असं मी म्हणून बसले होते, आणि त्यानंतर तिला माझ्याशी वाद जिंकायचा नव्हता. हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. समोर एक आंधळा होत चाललेला चांगला माणूस माझ्या उत्तराची वाट बघत होता. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला मलाही एकच वाक्य लागणार होतं.

मी म्हणाले, 'न्हाई सायेब. माय कधी काई बोलली न्हाई.'

यातला शब्दन् शब्द खरा होता. पाळकसाहेबांनी मान हलवली. 'मग माझ्याच बोलण्यानं झालं ते,' म्हणाले. त्यांनी चाचपडत ताटलीतली करंजी उचलली, मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.